यजमान, पाहुणे आणि झेंडूची माळ

माझं तीन हजार रुपयांचं बिल परवा एकदाचं मंजूर झालं. ते कुठल्या खात्याला टाकलंय हे दिवाणजींनी मुद्दाम फोन करून सांगितलं. धर्मादाय. वर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तिथून पैसे लगेच निघतात. दुरुस्ती खात्याला शेठची सही लागते."

मी मनाला लावून घेतलेलं आहे.

प्रकरण असं की मार्केट यार्डातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर मी सर्व्हर बसवून दिलाय. खंडेनवमीला दुपारी तिथे शस्त्रपूजा झाली. शस्त्रं म्हणजे दोन वजनकाटे, एक हातगाडी, तिजोरी आणि माळ्यावरच्या खोलीतला सर्व्हर. संध्याकाळी बिलं निघेनात, आणि रात्री सव्वानऊला मला फोन आला.

यंत्र तसं साधं आहे. 64 जीबी रॅम, 960 जीबीच्या दोन एसएसडी एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, त्यावर डेबियन 12 हे लिनक्स आणि एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं केव्हीएम. केव्हीएम 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. शेठना या सबंध व्यवस्थेतलं तेवढं एकच वाक्य आवडलं होतं. आत तशी तीन व्हर्च्युअल मशिनं: एकात पोस्टग्रेस हा डेटाबेस, एकात बिलिंगचं ॲप, तिसऱ्यात विंडोज, कारण हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर बसायला तयार नाही. या धंद्यात मूळ यंत्राला होस्ट म्हणतात आणि आतल्यांना गेस्ट. यजमान आणि पाहुणे. आपल्याकडचा यजमान पाहुण्यांना वाढून स्वतः उपाशी राहतो. इथे तसं चालत नाही. मी डेटाबेसला 24 जीबी दिली, ॲपला 8, विंडोजला 16, आणि उरलेली 16 यजमानाच्या पानात ठेवली. सगळी पाहुण्यांना वाटून टाकली की यजमानाची रॅम संपते, मग लिनक्सचा ओओएम किलर उठतो आणि सगळ्यात जास्त रॅम खाऊन बसलेल्याला मारतो. तो कोण असतो? डेटाबेसचं मशीन. म्हणजे पंगतीत ज्याच्यासाठी घाट घातला त्यालाच उठवायचं.

पोस्टग्रेसमध्येही एक खोच आहे. 'शेअर्ड बफर्स', म्हणजे त्याने स्वतःकडे राखलेली रॅम, मुळात फक्त 128 एमबी असतात. डेटाबेससाठीच ठेवलेल्या मशिनात रॅमचा पाव हिस्सा, म्हणजे इथे 6 जीबी, द्यावा असा प्रघात आहे. अनेक ठिकाणी 128 च राहते आणि लोक म्हणतात, डेटाबेस मंद आहे, नवीन मशीन घेऊ.

असो. माळ्यावर गेलो तर खोलीत धूप. सर्व्हरच्या पॉवर बटणावर हळदीकुंकू, माथ्यावर फुटलेल्या नारळाची अर्धी वाटी, आणि पुढच्या जाळीवर, जिथून हवा आत ओढली जाते नेमकी तिथेच, झेंडूची भरगच्च माळ. आतले पंखे विमान उडायच्या बेतात असल्यासारखे ओरडत होते. शेजारी खुर्ची टाकून दिवाणजी बसलेले. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी टोपी, पेढीत शेठच्या वडिलांपासूनचे. संगणकाला ते 'तो' म्हणतात.

"दिवाणजी, बंद कसा केलात?"

"बंद कुठे केला? वायर काढली. ओल्या फडक्यानं पुसायचा तर आत करंट नको."

"अहो, ते बटण एकदा दाबायचं. एकदाच. तो आपला आपण नीट बंद होतो."

दिवाणजींनी न बोलता बोट दाखवलं. बटणाच्या वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'या बटणाला कोणीही हात लावू नये.'

"वायरीला हात लावू नये असं कुठं लिहिलंय?"

यावर काय बोलणार? बटण एकदा दाबलं असतं तर काय झालं असतं ते मी तरीही सांगितलं. लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी सिस्टिमडी बंद करायचा निरोप देते, लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सेवा तिन्ही पाहुण्यांना आवरायला सांगते, त्यासाठी मी 300 सेकंद राखून ठेवलेत, त्यात पोस्टग्रेस दप्तर मिटून घेतं. यूपीएससुद्धा याच कामासाठी यूएसबीने जोडलाय. वीज गेली आणि बॅटरी संपत आली की तो तोच निरोप देतो. पण दिवाणजींनी वायर काढली होती यूपीएस आणि सर्व्हर यांच्या मधली. यूपीएसच्या दृष्टीने वीज होती, बॅटरी भरलेली होती, दिवस सणाचा होता.

आता माझी चूक. ती सांगायची इच्छा नाही, पण दिवाणजी सांगतीलच. 'व्हर्श लिस्ट --ऑल' ही पाहुण्यांची यादी दाखवणारी आज्ञा मारली तर ॲप आणि विंडोज 'रनिंग', डेटाबेस 'शट ऑफ'. वायर परत लावल्यावर यजमान उठला, दोन पाहुणे उठले, तिसऱ्याला कोणी हाकच मारली नाही. आपोआप उठायचं की नाही ही नोंद मशिनाच्या एक्सएमएल वर्णनात नसते. ती '/इटीसी/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/ऑटोस्टार्ट' या फोल्डरमधली एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण असते, बस. पंधरवड्यापूर्वी मी डेटाबेसचं मशीन 'अनडिफाइन' करून, म्हणजे यजमानाच्या दप्तरातून त्याची नोंद काढून, डिस्क वाढवून, त्याच एक्सएमएलवरून पुन्हा 'डिफाइन' केलं होतं. एक्सएमएल जसंच्या तसं आलं, सिमलिंक अनडिफाइन करतानाच गेली. त्यानंतर यंत्र एकदा तरी रीबूट करून बघायला हवं होतं. दिवाणजींनी ते माझ्या वतीने केलं.

'व्हर्श स्टार्ट', मग 'व्हर्श ऑटोस्टार्ट'. दोन ओळी. लॉगमध्ये आलं: डेटाबेस सिस्टिम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन, ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस. दिवाणजींनी चष्मा वर केला.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, नीट बंद केलं नाहीत. आता शेवटच्या नोंदी पुन्हा लावून घेतोय."

"कशावरून लावतो?"

"पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी वॉल नावाच्या फायलीत लिहितं. एका खाली एक, आले तसे. मूळ तक्त्यात नंतर सावकाश नेतं. मध्येच वीज गेली तर ती फाइल वाचून…"

"म्हणजे रोजकीर्द," दिवाणजी म्हणाले. "आधी रोजकीर्द, मग खतावणी."

मी गप्प झालो. हीच गोष्ट मी कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांना अर्धा अर्धा तास फळ्यावर चौकोन काढून समजावलेली आहे.

"बरं, खतावणी कुठवर झाली हे त्याला कसं कळतं? आम्ही रेघ मारतो."

"तोही मारतो. चेकपॉइंट म्हणतात. सहसा दर पाच मिनिटांनी, किंवा नोंदी फार साचल्या तर आधीच."

"आणि रोजकीर्दीचं पान?"

"16 एमबीचं एक."

"शाई वाळायच्या आत वही मिटली तर?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. पोस्टग्रेस लिहून झालं की 'एफसिंक' करतं, म्हणजे डिस्कला विचारतं की शाई वाळली का. मधला कोणी खोटं बोलला तर सगळं मुसळ केरात. आणि खोटं बोलायला वाव भरपूर आहे. व्हर्च्युअल डिस्कचा कॅश मोड, म्हणजे लिहिलेलं मध्ये तात्पुरतं साठवायची पद्धत, 'अनसेफ' ठेवला तर ती न विचारताच 'वाळली, वाळली' म्हणते. वेग असा येतो की माणूस खूश होतो, आणि एक दिवस कोणीतरी वायर काढतं. मी 'नन' ठेवतो, त्यात यजमानाची कॅश मध्ये लुडबुड करत नाही. एसएसडीही वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरते कॅपॅसिटर असलेल्या, महागड्या. वेग हवाच असेल तर 'सिंक्रोनस कमिट', म्हणजे दर नोंदीला शाई वाळेपर्यंत थांबणं, बंद करावं. शेवटच्या चार-दोन पावत्या जातील पण वही फाटत नाही. एफसिंक बंद करणाऱ्याच्या हाती फाटकी वहीसुद्धा लागेल याची खात्री नाही.

"टीपकागद," दिवाणजी म्हणाले. "स्वस्तातला आणू नये."

एवढ्यात पडद्यावर आलं, रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स. जेमतेम आठ सेकंद लागली होती. खाली काउंटरवर प्रिंटर खरखरला, दुपारपासून अडलेली पहिली पावती निघाली. शेठ जिन्यात उभे होते. त्यांनी सर्व्हरला हात जोडले, दिवाणजींना म्हणाले, "नारळ वाया गेला नाही," आणि गेले.

इथे मला थोडं चिडायचं आहे. एसी दुरुस्त करणारा आला की पान्हा फिरवताना दिसतो, गॅस भरताना दिसतो, त्याचे पैसे कोणी विचारत नाही. आमच्या कामात जे दिसतं ते काम नसतंच. बॅकअप रोज रात्री होतो. नुसती चालू मशिनाची डिस्क-फाइल उचलून ठेवली तर तो बॅकअप नव्हे, म्हणून डेटाबेसमधला मजकूर उतरवून घेणारा 'पीजी डंप' वेगळा. आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या मशिनात उतरवून, ओळी मोजून ताळा जुळवायचा. हे बिलात लिहिलं की विचारतात, "काही बिघडलं होतं का?" नाही बिघडलं. "मग?" रात्री साडेनऊला दोन ओळी मारल्या की विचारतात, "एवढंच?" सोलापूरच्या एका ओळखीच्याने यावर उपाय म्हणून काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उगाच धावत ठेवायला सुरुवात केली. त्याची बिलं वेळेवर निघतात.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस ज्याने बनवला त्या फिनलंडच्या मायकेल विडेनियसने थोरल्या मुलीचं, मायचं, नाव त्याला दिलं. पुढे त्यातूनच फाटा फोडला त्याला धाकटीचं, मारिया. आपल्याकडे पाटीवर 'अँड सन्स' लिहितात, त्यापेक्षा हे बरं. पण मला त्यात वेगळीच शंका येते. पोरींना कळावं, बाप रात्ररात्र कुठे असतो ते.

माझ्या बिलात दोन हजार रुपये होते सर्व्हर उघडायचे आणि पाकळ्या काढायचे, एक हजार रात्रीच्या फेरीचे. 'पाकळ्या काढणे' ही ओळ दिवाणजींनी खोडली नाही हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पंख्याच्या पात्यात झेंडू अडकला की तो निघता निघत नाही, ब्रश चालत नाही, चिमटाच लागतो.

काल पुन्हा फोन. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन असतं, तर ती वॉलची वही यंत्रात नेमकी कुठे आहे, म्हणजे फूल तिथे वाहता येईल. मी घाईघाईने सांगितलं, तिला हात लावू नका, मी वेगळी हार्डडिस्क आणून देतो, 500 जीबीची, जुनी, ती चौरंगावर ठेवा.

"कोरी आहे का?" दिवाणजींनी विचारलं. "पूजा कोऱ्या वहीची करतात."

कोरी नाही. 500 जीबीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायची तर, सेकंदाला 100 एमबीच्या हिशेबाने, जवळजवळ दीड तास लागतो.

"करून आणा," ते म्हणाले. "याचं बिल मात्र लावू नका. देवाचं काम आहे."