सोमवारचा बेल रविवारीच तोडावा

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी ठाण्यातल्या नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या आवारातल्या बेलाची मनगटाएवढी फांदी मोडून लोंबताना दिसली. रात्री कोणीतरी आकडी लावून ती ओढली होती, हवी तेवढी पाने ओरबाडून नेली होती आणि डहाळ्यांना लिंबाएवढी हिरवी फळे तशीच राहिली होती. मी ती मोजली, नऊ होती. बेलाला उन्हाळ्याच्या अखेरीस फळ धरते आणि ते पिकायला जवळजवळ दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे ऐन श्रावणात, जेव्हा सर्वांना बेल हवा असतो, तेव्हा झाडावर पुढच्या उन्हाळ्याची फळे वाढत असतात. त्या वेळी फांदी मोडली की पानांबरोबर तीही जातात.

ज्याने फांदी मोडली त्याच्या भक्तीविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या परंपरेच्या नावाने आपण बेल वाहतो, तिनेच बेल तोडण्याला स्पष्ट मर्यादा घातली आहे आणि ती मर्यादा आपण विसरलो आहोत. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी बेल तोडू नये, आदल्या दिवशी काढून ठेवावा, असा पूजाविधीतला जुना नियम आहे. शंकराच्या वारी शंकराचेच झाड तोडायचे नाही! नवे पान मिळाले नाही तर वाहिलेलेच पान धुऊन पुन्हा वाहावे, अशीही मोकळीक आहे, कारण बेल शिळा मानला जात नाही. बिल्वाष्टकाच्या प्रत्येक श्लोकाच्या शेवटी ‘एकबिल्वं शिवार्पणम्’ असे येते, ‘एक’ हा शब्द आपण दरवेळी मोठ्याने म्हणतो आणि हातात मात्र जुडीच्या जुडी असते. महाशिवरात्रीच्या कथेतल्या व्याधाने तर मोजून काहीच वाहिले नव्हते, रात्रभर झाडावर बसलेल्या त्याच्या हातून नकळत पाने पिंडीवर पडत गेली आणि तेवढ्याने शंकर प्रसन्न झाला.

लहानपणी आई मला श्रावणी सोमवारी ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या मंदिरात घेऊन जायची. वाटेत जांभळी नाक्याच्या बाजारात ती एकच छोटी जुडी घ्यायची आणि तीही घरी आदल्या दिवशी आणलेला बेल नसला तरच. मंदिरात रांगेत उभी असताना ती एकेक पान उलटसुलट करून पाहायची, किडीने भोक पाडलेले किंवा एक दल गळालेले बाजूला काढायची, देठाच्या टोकाचा जाड भाग नखाने खुडायची आणि गुळगुळीत बाजू पिंडीकडे येईल असे पान पालथे ठेवायची. त्या तीन दलांना कोणी शंकराचे तीन डोळे म्हणतात, कोणी सत्त्व, रज आणि तम. पान उजेडासमोर धरले तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी असतात, कारण बेल हा लिंबू आणि कढीपत्त्याच्या कुळातला आहे. चुरगळलेल्या पानाला येणारा वास त्यातूनच येतो.

औषध म्हणून मात्र बेलाची खरी संपत्ती फळात आणि मुळात आहे, आणि श्रावणात आपण नेमके फळच गमावतो. चरकसंहितेत मल बांधून ठेवणाऱ्या आणि अग्नी प्रदीप्त करणाऱ्या द्रव्यांत बेलाला श्रेष्ठ म्हटले आहे. सुश्रुताचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: इतर फळे पिकल्यावर गुणकारी होतात, बेल मात्र कच्चाच अधिक गुणाचा. म्हणूनच जुलाब आणि आव यांवर कोवळ्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या वापरण्याची पद्धत आहे. पिकलेला गर पचायला जड आणि पोट सैल करणारा मानतात. दशमुळे म्हणजे औषधात एकत्र वापरली जाणारी दहा मुळे. त्यांतल्या बृहत् पंचमुळात, म्हणजे मोठ्या झाडांच्या पाच मुळांतही, पहिले नाव बेलाचेच येते. आमच्या घरी बेलाचा मुरंबा बरणीत असायचा आणि पावसाळ्यात पोट बिघडले की आई त्यातला चमचाभर द्यायची. आज मात्र पानांच्या रसाने मधुमेह बरा होतो असे संदेश फिरतात. गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो प्रयोग करू नये, एवढेच या बाबतीत सांगतो.

बाजारात बेल विकायला बसणाऱ्या बायकांना दोष देणे मला पटत नाही. त्या आपल्याला हवे तेच आणतात. गिऱ्हाईक फांदीसकट जुडी मागते म्हणून फांदी तुटते. आपण ‘सुटी पाने द्या, पाचच द्या, पैसे तेवढेच घ्या’ असे म्हणालो तर त्यांचे नुकसान होणार नाही आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाला पुन्हा पाने असतील.

त्या सोमवारनंतर आमच्या इमारतीत आम्ही एक ठरवून टाकले आहे. श्रावणात रविवारी संध्याकाळी, तिथी पाहून, हात पोहोचतो तिथली पाने कात्रीने देठाशी कापायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून प्रत्येक घरी पाच पाने द्यायची. आकडी गच्चीवरच्या खोलीत कुलपात आहे. मोडलेल्या फांदीच्या जखमेखाली यंदा दोन कोवळे धुमारे फुटले आहेत आणि वरच्या शेंड्याकडे, जिथे कोणाचाच हात पोहोचत नाही, तिथे चौदा फळे दिसत आहेत.