बार्सिलोनाचा गॉथिक क्वार्टर ‘आख्खा बोगस’? नाही हो, जरा नीट बघा

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे बार्सिलोनाचा गॉथिक क्वार्टर, म्हणजे शहराचा तो मध्ययुगीन म्हणून ओळखला जाणारा जुना भाग, आख्खा बोगस, 1929 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी टुरिस्टांना फसवायला उभारलेला सेट, कॅथेड्रलसुद्धा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, आणि सांत फेलिप नेरी चर्चच्या भिंतीवरचे खड्डे म्हणजे पाद्र्यांना उभं करून गोळ्या घातल्या त्याच्या खुणा. थोडं खरं आणि त्यात बरंच खोटं मिसळलंय, म्हणूनच लोकांना पटतंय. मला या जागेबद्दल मनापासून वाटतं म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कॅथेड्रल. समोरचा दर्शनी भाग नवा आहे, शंभर टक्के मान्य. तो 1887 ते 1890 मध्ये बांधला, आर्किटेक्ट मेस्त्रेस आणि फोंत, पैसा मुख्यतः बँकर मानुएल जिरोनाचा, मधला उंच मनोरा तर 1913 ला पूर्ण झाला. पण हे डिझाइन हवेतून आलेलं नाही, 1408 सालचा दर्शनी भागाचा एक आराखडा जपून ठेवलेला होता, त्याच्यावर ते बेतलं. आणि त्या दर्शनी भागाच्या मागे जे आहे ते? ते काम 1298 ला सुरू झालं आणि दीडशे वर्षं चाललं, पंधराव्या शतकाच्या मध्यावर क्लॉइस्टर, म्हणजे तो कमानींचा चौक, पूर्ण झाला. वाड्याची दर्शनी भिंत नव्याने बांधली म्हणून आतला चौक आणि सोपा खोटा ठरतो का?

‘सगळं 1929 साठी’ हा दुसरा मुद्दा. इथे सगळ्यात जास्त शेअर होणारा फोटो म्हणजे बिस्बे गल्लीवरचा तो नक्षीदार पूल. हो, तो 1928 चा आहे, जुआन रुबिओचा. लोक त्याला मध्ययुगीन समजतात ते चूकच. समोरच्या कानोन्जेसच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या पाद्र्यांच्या, घराचंही विसाव्या शतकात बरंच ‘गॉथिकीकरण’ झालं. पण त्याच पुलाच्या अगदी जवळ, जनरालितातच्या, म्हणजे कॅटलोनियाच्या सरकारच्या वाड्याच्या, भिंतीवर, संत जॉर्ज ड्रॅगनला मारतोय असं गोल शिल्प आहे ना, ते 1418 च्या आसपासचं, आर्किटेक्ट मार्क साफोंतच्या कामाचा भाग. म्हणजे एकाच गल्लीत 500 वर्षांचं अंतर समोरासमोर आहे आणि पोस्टवाल्याने फक्त पूल बघून निकाल दिला!

आणि प्लासा देल रेई या चौकातला सालो देल तिनेल तर मुद्दाम बघा. 1359 ते 1370 मध्ये बांधलेला राजाचा दरबारहॉल, साधारण 33 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद, मध्ये एकही खांब नाही, दगडी अर्धगोल कमानींच्या ओळीवर लाकडी छत टेकलेलं. शेजारचं सांता आगाता चॅपल 1302 चं. हे कोणत्या प्रदर्शनासाठी बांधलं असेल बरं?

आता पोस्ट जे सांगतच नाही ते. 1908 पासून जुन्या शहरातून विया लायेताना नावाचा मोठा रस्ता काढला, त्यासाठी सुमारे 2 हजार घरं पाडली आणि 10 हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. इतकं तुटल्यावर शहरात जुनं वाचवायची धडपड सुरू झाली, काही वास्तू दगड न् दगड सुट्या करून दुसरीकडे उभ्या केल्या. त्यांतला पादेयास वाडा 1931 ला प्लासा देल रेईत आणला आणि त्याच्या पायासाठी खणताना खाली बार्सिनो, म्हणजे रोमन काळातलं बार्सिलोना, सापडलं, रस्ते, कापड रंगवायचे कारखाने, मासे खारवायची जागा, सगळं. आज तिथेच शहराचं इतिहास म्युझियम आहे, जमिनीखाली चालत जाऊन बघता येतं. पारादीस गल्लीत रोमन सम्राट ऑगस्टसच्या मंदिराचे चार खांब अजून उभे आहेत. हो, टुरिझमचा विचार या कामात होता, सुशोभीकरणाच्या नावाखाली जास्तीचं गॉथिक चढवलं त्यावर टीका करा, मीही करते, पण ‘सगळा सेट’ म्हणणं म्हणजे त्या रस्त्याखाली घर गेलेल्या माणसांनाही पुसून टाकणं आहे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात वाईट. सांत फेलिप नेरीच्या भिंतीवरच्या खुणा गोळ्यांच्या नाहीत. 30 जानेवारी 1938 ला, स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी इथे बॉम्ब टाकले, चर्चच्या तळघरात आसरा घेतलेल्या लोकांवर छत कोसळलं, 42 जण गेले, त्यातली बहुतेक मुलं. त्या भिंतीवर आहेत त्या बॉम्बच्या छर्ऱ्यांच्या खुणा. पाद्र्यांना गोळ्या घातल्याची गोष्ट फ्रँकोच्या काळात पसरली आणि आज इन्स्टावर तीच गोष्ट ‘रंजक माहिती’ म्हणून फिरतेय. चौकात स्मारकाची पाटी लावलेली आहे, कोणीही वाचू शकतं. पोस्ट ज्यांनी फॉरवर्ड केलीय त्यांनी बाकी काही नाही तरी ते एक वाक्य आजच्या आज काढावं.