मुंबई ओसाड नव्हती

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तोच संदेश आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबई हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, इंग्रजांना हुंड्यात मिळाली तेव्हा इथे सात ओसाड बेटं होती, शहर इंग्रजांनी उभं केलं, त्यामुळे कुलाबा ते चर्चगेट फिरलं की एका दिवसात मुंबई बघून होते. सोबत गेटवेचा फोटो आणि खाली ओळ, ‘राजा पंचम जॉर्ज याच कमानीखालून आत आला’. मी माहीमला वाढलो. आपल्या वस्तीला कुणी ओसाड म्हणालं की गप्प बसवत नाही.

आधी नाव. ‘बॉम बाईआ’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून बॉम्बे झालं असं सांगतात. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाईआ’ स्त्रीलिंगी आहे, त्याच्या आधी ‘बोआ’ यायला हवं, ‘बॉम’ नव्हे. आपल्याच भाषेत ते लिंग चुकणार नाहीत. शिवाय सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजानेच ‘ताना-मयांबू’ असं लिहून ठेवलंय. ताना म्हणजे ठाणे, मयांबू म्हणजे मुंबई. मुंबादेवीचं नाव त्यांनी इथे ऐकलं आणि जिभेला जमलं तसं लिहिलं.

आता ओसाड बेटं. कान्हेरीला डोंगरात शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली आणि जवळजवळ हजार वर्षं वापरात असलेली. लेण्यालेण्याशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत, दगडात चर कोरून पावसाचं पाणी त्यांत वळवलंय. ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. एवढा खर्च कुठून आला? सोपारा (आजचं नालासोपारा) आणि कल्याण बंदरांच्या व्यापारातून. सोपाऱ्याला तर अशोकाचा शिलालेख सापडलाय.

यावर कुणी म्हणेल, कान्हेरी साष्टीवर, म्हणजे उत्तरेकडच्या वेगळ्या बेटावर, सात बेटांत नाही. बरोबर आहे. मग सात बेटांवरच राहू. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव शिलाहार राजांच्या काळातला मानतात. तिथलं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात पडलं आणि १७१५ साली रामा कामतींनी पुन्हा बांधलं. आमच्या माहीमच्या दर्ग्यात मखदूम अली माहिमी आहेत. १४३१ साली वारलेले हे विद्वान कुराणावरच्या अरबी भाष्यासाठी ओळखले जातात. असा ग्रंथ लिहिणारा माणूस माणसं नसलेल्या बेटावर घडत नाही. आणि पोर्तुगीजांनी मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने दिलं होतं. ओसाड जमिनीचा खंड कोण भरेल?

हुंड्याची गोष्ट खरी आहे, पण अर्धवट. पोर्तुगीज राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं तो करार १६६१ चा, ताबा १६६५ चा, आणि १६६८ मध्ये राजाने बेट वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. सातही बेटं एकदम हाती आली नव्हती. माहीमवरून पोर्तुगीजांशी वाद झालाच.

‘इंग्रजांनी बांधली’ या वाक्यातला खरा भाग मी नाकारत नाही. हॉर्नबी वेलार्ड हा समुद्राचं पाणी अडवणारा बांध, भरणीच्या योजना, रेल्वेचा आराखडा त्यांच्या अमलातला आहे. पण पैसा आणि हात कुणाचे, हे संदेशात येत नाही. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला तो आवाबाई जीजीभाईंच्या देणगीतून. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आईचं नाव दिलं. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, ती रेल्वे इथे यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. ताजमहाल हॉटेलच्या आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं काम आहे. वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ चं. ते आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय. आणि भिंती रचणारे कामाठी? त्यांचं नाव तेवढं कामाठीपुऱ्यात उरलं.

कमानीचं तर सरळ चुकलंय. राजा आला डिसेंबर १९११ मध्ये. तेव्हा ही दगडी कमान उभीच नव्हती. कमान १९२४ मध्ये पुरी झाली. त्या दगडी कमानीखालून गेल्याचं ठळकपणे सांगता येईल ते परत जाणाऱ्या फौजेचं: शेवटची ब्रिटिश तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला तिथूनच जहाजावर चढली.

राहिला एका दिवसाचा हिशेब. फोर्ट जरूर बघा, मीही पाहुण्यांना तिथे नेतो. पण सकाळी तीन बत्तीला उतरून पायऱ्यांनी बाणगंगेवर जा, तिथून माहीमच्या दर्ग्यात. दुसरा दिवस कान्हेरीचा, बोरिवलीच्या उद्यानातून. तिसरा घारापुरीचा, गेटवेहून लाँचने तासाभरात पोचता. फक्त सोमवार टाळा, उद्यान आणि घारापुरीची लेणी दोन्ही बंद असतात.