फणसाच्या आडून

देवगडाकडे सड्यावर राहणाऱ्याला वारा मिळतो आणि वहाळाकाठी राहणाऱ्याला पाणी. ही वाटणी पणजोबांच्या वेळेपासूनची, आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग सड्यावरच्या डांबरी रस्त्याने इंटरनेटचं फायबर आलं, आमच्या चुलतदादाच्या घरात शिरलं आणि तिथेच बसलं. खाली आमच्या वाडीपर्यंत यायचं तर कंपनीला दीड किलोमीटर खांब टाकावे लागले असते. त्यांचा माणूस आला, आमच्याकडे चहा घेतला, "परवडत नाही" म्हणाला आणि गेला. मोबाइलची रेंज आमच्याकडे विहिरीच्या कठड्यावर मिळते, तीसुद्धा वारा नसला तर. माझी नोकरी पुण्याची. साहेब विचारायचे, "मागे रहाट कसला वाजतोय?"

भाचा म्हणाला, "मामा, दोन डिश लावू. एक दादामामाच्या टाकीवर, एक आपल्या घरावर. नेट हवेतून येईल."

"परवानगी?"

"नाही लागत. वायफायच्या लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २०१८ मध्ये घराबाहेरही खुला केलाय. ठरलेल्या ताकदीच्या आत राहायचं, बस्स."

इथे सातबारावर नाव चढवायला जन्म जातो आणि लहरी सोडायला साधा अर्जसुद्धा नाही! मला देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

घरावर चढून बघितलं तर झाडोऱ्यातून दादाची निळी टाकी चक्क दिसत होती. बायको खालून म्हणाली, "दिसते ना? मग अडलंय कुठे?" अडलं होतं ते फ्रेनेल नावाच्या फ्रेंच गृहस्थापाशी. दीपगृहांतली भिंगं ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा. टाकी डोळ्याला दिसली म्हणून लहरींचं भागत नाही. त्यांना दोन डिशच्या मधे काकडीसारखी फुगीर मोकळी जागा लागते. दीड किलोमीटरला ती मधोमध चारही बाजूंनी साडेचार मीटर. त्यातली निदान साठ टक्के तरी रिकामी हवी. मधे हापूसची कलमं आहेत, पण ती उतारावर, खाली राहतात. काकडीच्या तोंडाशीच, आमच्या गडग्यापलीकडे, आबांचा फणस उभा होता.

तरी "लावून तर बघू" म्हणून डिश चढवल्या. डिश जुळवायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना एकेक, आणि ती फोनवर बोलत असावी लागतात. आता फोन लागत असता तर डिश कशाला चढवल्या असत्या? शेवटी मधल्या कातळावर शेजारच्या बंड्याला उभा केला. सड्यावरून भाचा ओरडणार, बंड्या तेच खाली ओरडणार, मी पान्याने डिश फिरवणार.

"थोडा डाव्याक!" बंड्या ओरडला.

"खंयच्या डाव्याक? माझ्या की त्याच्या?"

बंड्याने वर विचारलं, वरून काहीतरी उत्तर आलं, बंड्याने जरा विचार केला आणि ओरडला, "जेवक येतास काय इचारता!"

जेवून पुन्हा चढलो. लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा आला उणे ८१. हा आकडा उणेच असतो आणि जितका शून्याकडे येईल तितका चांगला. म्हणजे आमच्या पतपेढीच्या ताळेबंदासारखं नाही, इथे तो सुधारू शकतो. डिश केसभर हलवली, उणे ७६. भाचा वरून नाचायला लागला, आणि मग एकाएकी गप्प झाला. डिशला मुख्य झोताशिवाय बाजूलाही बारीक झोत असतात आणि नवखा माणूस नेमका त्यातल्या एकावर खूश होऊन नट आवळतो, हे त्याला आठवलं. पुन्हा सगळं ढिलं केलं. शेवटी उणे ७० वर गाडी अडली ती अडलीच. पुढे फणस.

झाड लहरी पितं, याचा आम्हाला पुरेपूर प्रत्यय आला. पानांत पाणी असतं. या पट्ट्यात दहा मीटर पानोळा लागला की सात-आठ डेसिबल गेले, म्हणजे निघालेल्यातला पाचवा-सहावा हिस्सा हाती. पाऊस एवढ्या अंतरात तसा काही करत नाही, पण पावसाने भिजलेली पानं करतात. आणि फणसाचं पान जाड, ते शिशिरातही उभं. ऐन-किंजळ तरी शिमग्याला पानं टाकून वाट मोकळी करतात, फणस बारमाही.

पट्टा बदलायचाही विचार झाला. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ खुला आहे आणि झाडांतून बराच बरा जातो, पण एवढ्याशा पट्ट्यातून विहिरीचा पंप चालू-बंद होईल, पुण्याचे साहेब मावणार नाहीत. (पंपाचं मात्र मी मनात टिपून ठेवलंय.)

म्हणजे फांदी. एकच, डिशच्या बरोब्बर तोंडावरची.

आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी अदबीने विषय काढला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही.

"झाड आमचा, फांदी आमची, आणि आडवी तुका येता?"

"आबानू, फक्त एक फांदी."

"कायदो म्हायत आसा? फणस तोडूक बंदी आसा."

म्हातारा चुकत नव्हता. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, जांभूळ आहे, फणसही आहे. मी म्हटलं, आबा, आपण झाड कुठे तोडतोय, एक फांदी छाटतोय. त्यावर आबांनी खरा पत्ता टाकला. फणस त्यांच्या एकट्याचा नव्हताच. जमीन सामायिक, वारस डोंबिवली, विरार, एक बडोद्याला. "त्येंका इचार. माझी हरकत नाय."

कोकणात "माझी हरकत नाय" या वाक्याने कामं पन्नास-पन्नास वर्षं थांबलेली आहेत. भारत सरकारने मोकळी केलेली वाट डोंबिवलीला अडली. मी कठड्यावर उभा राहून एकेकाला फोन लावले. फांदीशी कुणाला देणंघेणं नव्हतं. प्रत्येकाचा प्रश्न एकच: फणस दरवर्षी लागतात किती? आबा सांगतात "औंदा वांदरांनी खाल्ले," ते खरं का? बडोद्याच्या वहिनींनी तर गेल्या साली आलेल्या गऱ्यांचा डबा किती लहान होता, ते सविस्तर सांगितलं.

तोडगा डोंबिवलीनेच काढला. फांदी छाटा, पण नेट आलं की फणसावर कॅमेरा लावा. सगळ्यांना मोबाइलवर दिसला पाहिजे.

आबांना हे कसं सांगावं या विवंचनेत मी होतो, पण ते खुलले. "बघूंदेत. वांदर पण बघूंदेत आणि माका पण बघूंदेत." कोयती त्यांनी स्वतःची दिली. फांदी खाली आली आणि आकडा उणे ५८ वर चढला. भाच्याने आणखी वीस फुटी जीआय पाइप उभा करून डिश वर नेली, तारेचे ताण माडांना बांधले. आषाढात भिजलेल्या पानांनी थोडं ओढलं, पण लिंक टिकली.

आता माझ्या मीटिंगमध्ये साहेब अधूनमधून तोंड उघडं ठेवून थिजतात, कारण त्याच वेळी डोंबिवली, विरार आणि बडोदा फणस बघत असतात. भाच्याने कॅमेऱ्याचा दर्जा जरा उतरवला, तर दोन दिवसांत तक्रार: काटे नीट दिसत नाहीत. पूर्ववत करावा लागला.

परवा साहेबांपुढे तिमाहीचे आकडे मांडत होतो. मधेच वायफायवरून डोंबिवलीचा फोन. खोडाजवळचे मोठे फणस सकाळपर्यंत होते, आत्ता काहीच दिसत नाही, सगळं काळं. आबांनी झाकलंय का, जाऊन बघ. साहेबांना एक मिनिट थांबवून गडगा ओलांडला. फणस जागच्या जागी होते. कॅमेऱ्याला पाठ टेकून वांदर बसला होता.