खुलासा: हरितलवकाला स्वतःचं केंद्रक नसतं

‘शैवालांच्या हरितलवकात स्वतःचं केंद्रक असतं’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि विद्यार्थी तो जसाच्या तसा उतरवून घेतात म्हणून हे लिहितोय.

हरितलवकाचा पूर्वज सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा एक जिवाणू. त्याला केंद्रक नव्हतंच, मग हरितलवकाला कुठून येणार? ज्याबद्दल बोललं जातंय तो न्यूक्लिओमॉर्फ. तो आढळतो एकपेशीय सजीवांच्या प्रामुख्याने दोनच गटांत: क्रिप्टोफाइट आणि क्लोरॅरॅक्निओफाइट. त्यांच्या पूर्वजांनी एक अख्खं शैवाल गिळलं, पहिल्यांनी लाल, दुसऱ्यांनी हिरवं. त्या गिळलेल्या शैवालाच्या केंद्रकाचा हा अवशेष.

जागाही नीट पाहा. या दोन गटांतल्या हरितलवकाभोवती चार पटलं असतात. आतली दोन हरितलवकाची, बाहेरची दोन शैवाल गिळलं गेलं तेव्हा भोवती आलेली. न्यूक्लिओमॉर्फ या दोन जोड्यांमधल्या चिंचोळ्या पोकळीत असतो. म्हणजे तो खऱ्या हरितलवकाच्या बाहेरच.

‘निकामी अवशेष’ म्हणणंही चूक. गिलार्डिया थीटा या क्रिप्टोफाइटच्या न्यूक्लिओमॉर्फचा जीनोम (म्हणजे त्यातला सगळा डीएनए) २००१ मध्ये वाचला गेला: तीन गुणसूत्रं, जेमतेम साडेपाच लाख बेसजोड्या (डीएनएची अक्षरं). त्यातली सुमारे ३० जनुकं आजही हरितलवकासाठी प्रथिनं पुरवतात.