साडेसदतीस तास, चहा वगळून

ज्या कंपनीत उमेदीची वर्षं घातली, तिच्या एचआर खात्याकडून परवा माझ्या कर्तृत्वाचा दाखला आला. तीन ओळींचा. सदर इसम अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोकरीस होता. पद सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर. आणि या पत्रातल्या मजकुरासाठी कंपनी, तिचे संचालक वा कर्मचारी कोणालाही, कशासाठीही जबाबदार नाहीत. शेवटची ओळ सगळ्यांत लांब होती, आणि तेवढीच मनापासून लिहिलेली वाटत होती.

ब्रिटनमध्ये हे सर्रास चालतं. चांगलं लिहिलं आणि माणूस पुढच्या जागी निकामी निघाला, तर नवा मालक कोर्टात खेचणार. वाईट लिहिलं तर माणूस स्वतःच खेचणार. म्हणून मोठ्या कंपन्यांनी धोरणच करून टाकलंय: तारखा द्या, पद द्या, गप्प बसा. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये याने काही अडत नाही. अडतं ते ऑस्ट्रेलियाला जायचं म्हटल्यावर.

कारण ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर मिळणाऱ्या व्हिसांना, म्हणजे १८९, १९० आणि ४९१ यांना, आधी स्किल्स असेसमेंट लागतं. संगणकवाल्यांचं ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस करते. इंजिनीअर असाल तर एंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया, आणि इतर बऱ्याच धंद्यांना व्हेटअ‍ॅसेस. एसीएसला तीन ओळी चालत नाहीत. कंपनीच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कोणत्या देशात काम केलं, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, सही करणाऱ्याचं पद आणि संपर्क, आणि मुख्य म्हणजे रोज नेमकं काय करत होतात त्याची यादी. ही यादी तुमच्या व्यवसायाच्या सहाआकडी कोडशी जुळायला हवी (सॉफ्टवेअर इंजिनीअरचा २६१३१३), पण कोडच्या वर्णनावरून उतरवून काढलेली दिसता कामा नये. म्हणजे कॉपी करायची, पण अक्षर बदलून.

कंपनी असं पत्र देत नसेल तर एक आडवाट आहे: स्टॅट्युटरी डिक्लरेशन. तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने सॉलिसिटरपुढे गंभीरपणे जाहीर करायचं की हा माणूस खरोखर हे हे करत होता. स्वतःबद्दल स्वतःच जाहीर केलेलं त्यांच्या लेखी फारसं मोलाचं नाही. सोबत पगारपत्रकं आणि पी६०, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर सांगणारे कंपनीचे दाखले, जोडायचे. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला, त्यामुळे पी६०वरचं वर्ष हे नक्की कुठलं वर्ष, याचा हिशेब आपणच मांडून द्यावा. (ही ६ एप्रिलची भानगड १७५२ साली कॅलेंडरातून अकरा दिवस गाळले तिथपासूनची आहे. पावणेतीनशे वर्षांत ती कोणाला निस्तरावीशी वाटलेली नाही.)

या जाहीरनाम्याचा, म्हणजे स्टॅट्युटरी डिक्लरेशनचा, ब्रिटिश कायदा १८३५ चा. फी पाच पौंड, आणि जोडपत्र असेल तर प्रत्येकी दोन पौंड वर. इंग्लंडच्या हाय स्ट्रीटवर सॉलिसिटरकडून पाच पौंडांत होणारं हे बहुधा एकमेव काम असावं, आणि ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसतं.

आता साहेबांकडे येतो. साहेब म्हणजे माझे जुने टीम मॅनेजर, निवृत्त, अस्सल इंग्रज, भाजीच्या वाफ्यात रमलेले. मसुदा मी आधीच ईमेलने पाठवला होता. तो त्यांनी वाचला नव्हता. वाचायला ते सॉलिसिटरच्या टेबलापाशी बसले आणि खिशातून चश्मा काढला. मग लाल पेन काढलं.

“‘पेमेंट सिस्टीमची रचना केली.’ रचना तू केलीस?”

“केली की. सगळं मॉड्यूल माझंच होतं.”

“होतं खरं. पण व्हाइटबोर्डवर चौकोन मी काढले होते.”

“बाण मी काढले होते.”

“बाण तू काढलेस,” ते प्रांजळपणे म्हणाले, आणि ‘रचना केली’ खोडून ‘रचनेत काही अंशी सहभाग घेतला’ असं लिहिलं.

मी हादरलो. ‘काही अंशी’ या दोन शब्दांवर असेसमेंट नापास होऊ शकतं. पण साहेब पुढे सरकले होते.

“‘चार जणांच्या टीमचं नेतृत्व केलं.’ त्यातला एक कायम आजारपणाच्या रजेवर असायचा ना?”

“तरी टीममध्येच होता.”

“कागदावर.”

“आपण इथे कागदच करतोय ना, साहेब?”

हे त्यांना आवडलं नाही. सॉलिसिटरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की मजकूर खरा की खोटा हे बघणं माझं काम नाही, माणूस तोच आहे आणि सही त्याचीच आहे एवढंच मी बघते. मात्र जाणूनबुजून खोटं लिहिलेलं आढळलं तर १९११ च्या पर्जरी कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय जेवढ्या ठिकाणी खाडाखोड, तेवढ्या ठिकाणी दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या. (म्हणून फाइल पेनड्राइव्हवर नेऊन तिथेच नवी प्रिंट मागावी. ती ते देतात, कुरकुरत.)

कैद हा शब्द ऐकल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग पुन्हा काढलं.

“‘आठवड्याला साडेसदतीस तास.’ यात जेवणाची सुट्टी धरलीय?”

“वगळून. करारातच तसं आहे.”

“आणि चहा?”

“चहा तर तुम्हीही घ्यायचात.”

“मी माझ्याबद्दल शपथेवर काही सांगत नाहीये. शिवाय शुक्रवारी तू साडेचारला निघायचास.”

“तुम्ही चारलाच निघायचात, साहेब. मी साडेचारला निघालो हे तुम्हाला कसं कळलं?”

खोलीत शांतता. मी समजावलं की गुणांसाठी आठवड्याला वीस तास भरले तरी पुरतात, साडेसदतीसचा आग्रह कोणाचाच नाही. त्यांचा चेहरा एकदम खुलला. “मग वीस लिहू. वीसची मी शपथ घेऊ शकतो!”

पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या माणसाच्या कागदावर वीस तास लिहिले, की पगारपत्रक एक सांगतं आणि जाहीरनामा दुसरंच. अशा विसंगतीवर फाइल अडकते. हे सॉलिसिटरबाईंच्या देखत, घासाघीस करत, त्यांना पटवावं लागलं. शेवटी ‘करारानुसार ३७.५ तास’ यावर तह झाला. ‘करारानुसार’ म्हणजे खोटं असेल तर कराराचं. ‘काही अंशी’ गेलं, ‘चौकोन वगळता’ असं काही घालू नये हेही मान्य झालं.

सही करता करता साहेबांना त्यांची मावशी आठवली. ती साठच्या दशकात दहा पौंडांत ऑस्ट्रेलियाला गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, पण हवी तशी: गोरी, त्यातून ब्रिटिश असतील तर फारच उत्तम. मोठ्या माणसाला दहा पौंड, मुलं फुकट, आणि अट एवढीच की दोन वर्षं राहा, नाहीतर भाड्याचे पैसे परत करा. दहा लाखांहून अधिक ब्रिटिश असे गेले. पुढे पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड १९६६ साली वेल्समधून आईवडिलांबरोबर अशाच गेल्या. “मावशीला चौकोन-बाण असलं काही विचारलं नव्हतं,” साहेब म्हणाले. “तिला विचारलं, स्वयंपाक येतो का. तिला येत नव्हता. तरी घेतलं.”

पाच अधिक दोन, असे सात पौंड मी दिले. साहेबांना वर दुपारचं जेवण.

एवढं करून एसीएस काय करतं? जाहीरनामा वाचतं, खरा मानतं, आणि त्यातली दोन वर्षं कापून टाकतं. पदवी संगणकाची आणि कामाशी जवळची असेल तर साधारण दोन. नातं लांबचं असेल तर चार. या कापलेल्या वर्षांत म्हणे तुम्ही कुशल होत होतात, कुशल नव्हतात. मेकॅनिकलची पदवी घेऊन आयटीत शिरलेल्या आपल्या पुण्या-सांगलीच्या मंडळींचं तर आणखी कठीण. त्यांना प्रकल्पांचे दोन अहवाल वेगळे लिहावे लागतात आणि कातरी त्याहून मोठी चालते. म्हणजे साहेब खोटं बोलले असते तर त्यांची दोन वर्षं गेली असती. खरं बोलले म्हणून माझी गेली. आठ वर्षांचे पंधरा गुण मिळायचे, उरलेल्या सहाचे दहा मिळतात. आणि तेही, व्हिसाला अर्ज करा असं सरकारचं निमंत्रण येतं, त्याआधीच्या दहा वर्षांतलीच वर्षं धरून.

इंग्रजीचं प्रकरण आणखी अपमानास्पद आहे. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तुम्हाला ‘कामापुरतं इंग्रजी’ येतं असं परीक्षेशिवाय मानतात. त्याचे गुण शून्य. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ आणले तर दहा, चारही भागांत ८ आणले तर वीस. त्यामुळे यॉर्कशरमध्ये जन्मलेला, दुसरी भाषा न ऐकलेला माणूस दोनशेच्या आसपास पौंड भरून, हेडफोन लावून, आपल्याच मातृभाषेत वाचनालयाची वर्गणी किती हे ऐकत बसतो आणि लेखनात साडेसात आणून रडत बाहेर येतो. लेखनच मारतं, कारण तिथे मतापेक्षा मांडणीला गुण आहेत. निकाल तीन वर्षं चालतो.

तरी पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या कायद्यात नको असलेल्या माणसाला पन्नास शब्दांचं शुद्धलेखन घालायची सोय होती, आणि भाषा अधिकाऱ्याच्या मर्जीची, कुठलीही युरोपीय. १९३४ साली प्रागचा पत्रकार एगॉन किश आला. सरकारला तो नको होता, आणि त्याला तर बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या. मग त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये शुद्धलेखन घातलं. तो नापास झाला, कोर्टात गेला, आणि हायकोर्टाने गेलिक ही त्या कायद्यातल्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे असा निकाल दिला. स्कॉटिश लोक भडकले ते वेगळंच. ती परीक्षा १९५८ ला गेली. वृत्ती कुठे गेली हे मी विचारत नाही.

आपल्या लोकांना एक फायदा मात्र आहे: नाटी या भाषांतरकारांच्या ऑस्ट्रेलियन संस्थेची सीसीएल परीक्षा. तिच्या भाषांत मराठीही आहे. दोन संवाद, साधारण तीनशे-तीनशे शब्दांचे. पस्तीस शब्दांपर्यंतचा तुकडा ऐकायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचा. ९० पैकी ६३ हवेत, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. गुण पाच. मराठी बोलल्याबद्दल कुठल्या सरकारने काही दिल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही. संवाद विमा, दवाखाना, कोर्ट, सरकारी भत्ते असल्या विषयांवर असतात, तेव्हा घरातलं वरणभात मराठी पुरत नाही. टिपणं काढायची सवय आधी करावी.

नावांचा घोळही आपला खास. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टावर वडील ‘गिव्हन नेम्स’मध्ये बसलेले, आणि बायकोचं लग्नाआधीचं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. व्हिसासाठी वैयक्तिक माहितीचा फॉर्म ८० असतो, त्यावर यातलं एकेक नाव लिहावं, आणि दहा वर्षांचे पत्ते एकही महिना न सोडता. ब्रिटिश पोलिसांचा दाखला अ‍ॅक्रो या त्यांच्या नोंदींच्या कार्यालयाकडून मिळतो. त्यावर ‘नो ट्रेस’ आलं तर बरं. ‘नो लाइव्ह ट्रेस’ आलं तर कुठेतरी जुनी नोंद आहे असा अर्थ, आणि खुलासा तयार ठेवावा.

गुणांचा उंबरठा ६५, पण ६५ वर फक्त रांगेत उभं राहता येतं. आयटीत त्याच्या बरंच वर लागतं. आणि इथे विवाहितांना दंड आहे. एकट्या माणसाला दहा गुण. बायकोचंही असेसमेंट आणि इंग्रजी झालेलं असेल तर दहा, नुसतं इंग्रजी असेल तर पाच, काहीच नसेल तर शून्य. हे मी घरी वाचून दाखवलं. “मग घटस्फोटाचे किती?” बायकोने शांतपणे विचारलं.

मी पाहिलं. घटस्फोटित म्हणजे एकटाच, दहा मिळतात. पण गुण निमंत्रणाच्या दिवशी खरे असावे लागतात, आणि इंग्लंडमध्ये अर्जापासून अंतिम आदेशापर्यंत कायद्याने किमान सव्वीस आठवडे जातात. तेवढ्यात मला चाळीस वर्षं पुरी होतात आणि वयाच्या पंचवीस गुणांचे पंधरा होतात. दहा आले, दहा गेले, वर कोर्टाची फी सहाशेच्या आसपास पौंड. ती म्हणाली, राहू दे मग, इतक्यात नको.