तेलाचं मशीन भंगारात देणार नाही

परवा भंगारवाला दारात आला होता. शेडच्या कोपऱ्यातलं जुनं तेलाचं, म्हणजे वाइंडिंग तेलात बुडवून थंड ठेवणारं, वेल्डिंग मशीन त्याला हवं होतं. आत तांब्याचं वाइंडिंग आहे हे त्याला पक्कं ठाऊक, त्यामुळे भावही चांगला देत होता. मी नाही म्हणालो. घरात त्यावरून बोलणं झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पलूस भागात आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. हंगामात उसाच्या ट्रॉलीचे हूक, चासी, एक्सल हीच कामं. वडिलांनी हे मशीन घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. दोन फेजवर चालणारं, हलवायला चार माणसं लागणारं. वरचं चाक फिरवलं की आतला लोखंडी गाभा सरकतो आणि करंट कमी-जास्त होतो. यंत्रणा एवढीच. एकदा वाइंडिंग जळलं, ते गावातल्याच मोटार रिवाइंडिंगवाल्यानं भरून दिलं. बाकी तेल आणि टर्मिनलचे बोल्ट, यापलीकडे खर्च नाही.

रोजचं काम मात्र मी आता इन्व्हर्टरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या छोट्या वेल्डिंग मशीनवर करतो, आणि ते मशीन खरंच चांगलं आहे. एका हातात उचलून गच्चीवर नेता येतं. तेलाच्या मशीनचा एसी करंटचा आर्क (रॉडच्या टोकाची ज्वाला) सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. इन्व्हर्टरचा डीसी आर्क सलग जळतो. ७०१८ चा रॉड (मजबूत जोडासाठीचा वेल्डिंग रॉड) त्यावर लोण्यासारखा चालतो. नवीन पोराच्या हातात होल्डर दिला तरी रॉड चिकटत नाही. वीजही कमी लागते. पावसाळ्यात ओल्या हातमोज्यांनी एसीचा झटका ज्यानं खाल्लाय, त्याला डीसीचं मोल सांगावं लागत नाही.

माझी तक्रार आहे ती दुरुस्तीबद्दल. आमच्याकडे दिवसभर ग्राइंडर चालतो. मशीनचा पंखा ती लोखंडाची धूळ आत ओढतो, ती कार्डवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर बसते, दमट हवेत शॉर्ट होतं आणि आयजीबीटी, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट, उडतात. गेल्या हंगामात रात्री अकराला असंच झालं. बाहेर भरलेली ट्रॉली तुटक्या हूकनं उभी. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका सुकतो, साखरेचा उतारा घटतो. शेतकरी हवालदिल झाला होता. तेलाचं मशीन जोडलं, हूक भरला, ट्रॉली कारखान्याकडे गेली. इन्व्हर्टरचं कार्ड मात्र तीन आठवड्यांनी आलं, तेही पूर्ण नवीन, मशीनच्या निम्म्या किमतीत. जुनं कार्ड दुरुस्त करायला सर्किटचा नकाशा मागितला, तर मिळाला नाही.

हे मला मान्य नाही. मशीन विकणाऱ्यानं नकाशा आणि सुटे भाग दिलेच पाहिजेत. कार्डवर वार्निशचा जाड थर, धूळ कार्डापर्यंत पोचणार नाही अशी हवेची वाट, हे काही अशक्य नाही. आमच्यासारख्या शेडमध्येच ही मशीन चालणार आहेत, वातानुकूलित खोलीत नाही.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कार्ड उघडून आयजीबीटी बदलून देणारा कुणी कारागीर माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडे अजून दोन बंद कार्डं पडून आहेत.